वाजवून घ्यावें, कीं लिहून घ्यावें?

बाजारांत साधा माठ घ्यावयाचा झाला तरी आपल्या घरांतील वडील मंडळी तो बोटांनीं वाजवून पाहिल्यावांचून पैसे देत नाहींत. सोनें घेतांना कस पाहतात, तांदूळ घेतांना दाणा दांताखालीं धरतात, लुगडें घेतांना पोत उजेडांत पाहतात. मात्र त्याच घरांतील शिकलींसवरलेलीं माणसें संगणकाचा एखादा जुना भाग परक्या मनुष्याकडून इंटरनेटवर घेऊं लागलीं, म्हणजे ही सारी चिकित्सा कोठें जाते हें समजत नाहीं. समोर एक चित्र असतें, त्याखालीं किंमत असते, आणि शेजारीं "वॉरंटी आहे" असे दोन शब्द असतात. या दोन शब्दांवर विसंबून आम्हीं स्वतः एकदां जो फटका खाल्ला तो प्रथम सांगतों. मग त्यापासून जें शिकलों त्याचा विचार करूं.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न चैनीचा नाहीं. आमच्या घरीं लहानथोर धरून अकरा माणसें व चार संगणक आहेत. एकावर मुलांचा अभ्यास, एकावर धाकट्या बंधूंचें हिशेबाचें काम, एकावर वहिनींचें लेखनवाचन. दरवर्षीं कोणाचें तरी कांहीं तरी मोडतें किंवा अपुरें पडतें. प्रत्येक वेळीं नवा भाग आणावा इतकी ऐपत किती घरांची असते? तेव्हां जुना माल घेणें यांत कमीपणा मुळींच नाहीं. तो घ्यावा कसा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आमची फजिती

आमच्या मातोश्रींच्या आवाजांतील मंगळागौरीचीं गाणीं व कांहीं ओव्या थोरल्या बंधूंनीं १९८८ सालीं कॅसेटींवर उतरवून ठेविल्या होत्या. पुढें कॅसेटींना बुरशी धरूं लागली, म्हणून वहिनींनीं त्या संगणकांत भरून घेण्याचें काम मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. त्याकरितां दोन टेराबाईटची एक जुनी हार्ड डिस्क परगांवच्या गृहस्थाकडून २,६०० रुपयांस मागविली. जाहिरातींत "वर्षभर वापरलेली, वॉरंटी शिल्लक" असें स्वच्छ लिहिलें होतें. डिस्क आली, चालली, गाणीं तींत गेलीं; वडिलांच्या मोडी दप्तराचीं छायाचित्रेंही गेलीं. काम झालें म्हणून कॅसेटी रद्दींत दिल्या.

चाळिसाव्या दिवशीं डिस्क टकटक असा आवाज करूं लागली, आणि दुसऱ्या दिवशीं संगणकास ती दिसेनाशी झाली.

आम्हीं त्या गृहस्थांस फोन केला. ते अगदीं शांतपणें म्हणाले, "वॉरंटी कंपनीची आहे हो, माझी नव्हे." कंपनीच्या संकेतस्थळावर डिस्कचा अनुक्रमांक घातला, तों उत्तर आलें कीं ही डिस्क तयार संगणकांत बसवून विकलेली असल्यामुळें तिची हमी संगणक करणाऱ्याकडे मागावी. संगणकाचें बिल मागितलें, तों त्या गृहस्थांनीं तो संगणकच कोणा जुन्या मालवाल्याकडून घेतला होता असें निघालें. याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. डिस्क आली त्या दिवशीं आमच्या पुतण्यानें तिच्या प्रकृतीचा तक्ता काढून ठेविला होता. परंतु तो नीट वाचण्याची तसदी कोणींच घेतली नव्हती. त्यांत चालू राहिल्याचे तास २६,००० च्या वर दाखविले होते. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे "वर्षभर वापरलेली" डिस्क रात्रंदिवस जवळ जवळ तीन वर्षें फिरत होती! पुरावा आमच्या हातांत होता, आणि आम्हीं तो पाहिला नाहीं.

वहिनींनीं एक गाणें कौतुकानें नागपुरास आमच्या भगिनीकडे फोनवर पाठविलें होतें, तेवढें वांचलें. आज आमच्या घरीं मातोश्रींचें तें एकच गाणें आहे.

यांतून पहिला धडा असा कीं, हमी वस्तूची असते, वस्तूंत सांठविलेल्याची नसते. ती हमी सोळा आणे खरी ठरली असती तरी आमच्या हातीं दुसरी कोरी डिस्क आली असती, इतकेंच. म्हणून ज्याची किंमत पैशांत होत नाहीं त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं असल्याच पाहिजेत. आणि मूळ वस्तु, मग ती कॅसेट असो कीं कागद, रद्दींत घालूं नये.

हमी कोणाची?

दुसरा धडा हमी या शब्दाविषयीं. "वॉरंटी आहे काय?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणाची, कोणाच्या नांवानें, कोठवर आणि कशाच्या आधारावर?" असें विचारावयास पाहिजे. खासगी विक्रेत्याकडून घेतांना हमीचे साधारणपणें चार प्रकार संभवतात.

पहिली हमी वस्तु करणाऱ्या कंपनीची. पुष्कळ कंपन्या ती अनुक्रमांकावरून मोजतात, आणि अशी हमी वस्तूबरोबर नव्या मालकाकडे चालत येते. कांहीं कंपन्या मात्र मूळ बिल मागतात, आणि कांहीं ती पहिल्या खरेदीदारापुरतीच ठेवितात. शिवाय परदेशांतून आणलेल्या भागाची हमी पुष्कळदां त्या देशापुरतीच असते. अमेरिकेंतल्या भाच्यानें आणलेलें कार्ड येथें बिघडलें तर तें परत तिकडे पाठविण्याची तयारी ठेवावी लागते. प्रोसेसराचेंही असेंच आहे. पेटींत बंद होऊन विकल्या जाणाऱ्या प्रोसेसराची हमी कंपनी थेट देते, परंतु 'ट्रे' म्हणून सुटा विकलेला तोच प्रोसेसर असेल तर खरेदीदारास त्याच्या विक्रेत्याकडे बोट दाखविण्यांत येतें.

दुसरी हमी दुकानाची. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर काय किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्यें काय, जुना माल दुरुस्त करून विकणारे दुकानदार स्वतःच्या शिक्क्यावर महिना, तीन महिने अशी मुदत देतात. ती दुकानाच्या अस्तित्वाइतकी व दुकानदाराच्या नीतीइतकीच टिकाऊ. आणि अशा दुकानांतून घेतलेला भाग पुढें कोणी आपणांस विकला, तर दुकानदार आपणांस ओळखीलच असें नाहीं.

तिसरी हमी विक्रेत्याचा स्वतःचा शब्द. "आठ दिवसांत कांहीं झालें तर परत आणा" असें पुष्कळ सज्जन म्हणतात आणि तसें वागतातही. ही हमी तुच्छ समजूं नये. जुन्या भागांतील पुष्कळसे दोष पहिल्या आठवड्यांतच उघडे पडतात. परंतु हा शब्द कागदावर आला पाहिजे.

चौथी हमी ज्या बाजारांतून व्यवहार झाला त्या बाजाराची. येथें फार घोटाळा होतो. कांहीं संकेतस्थळें पैसे स्वतःकडे ठेवून माल पोंचल्यावर विक्रेत्यास देतात व परतीची मुदत ठरवितात; कांहीं केवळ जाहिरात छापून दोघांची गांठ घालून देतात. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणीं रक्षण म्हणून कांहींच नसतें. आगाऊ पैसे पाठवा म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावें. आणि हें पक्कें लक्षांत ठेवावें कीं यू.पी.आय.चा गुप्त क्रमांक पैसे देण्यासाठींच लागतो, घेण्यासाठीं कधींही नाहीं.

कायदा काय म्हणतो?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, "फसलों तर ग्राहक न्यायालय आहेच." येथें थोडा खुलासा अवश्य आहे. २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला, आणि दुकानदार, कारखानदार व सेवा देणारे यांच्याविरुद्ध तें खरोखरच मोठें साधन आहे. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवितां येते, आणि आयोगाकडे दाद मागण्यास दोन वर्षांची मुदत असते. परंतु आपल्या घरची जुनी वस्तु एकदां विकणारा गृहस्थ हा कांहीं व्यापारी नव्हे. त्याच्याशीं झालेला व्यवहार मुख्यतः १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें पाहिला जातो.

त्या कायद्याचें धोरण मोठें मार्मिक आहे. त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणें मालाचा दर्जा किंवा उपयुक्तता यांविषयीं विक्रेत्यानें न बोलतां दिलेली हमी सामान्यतः गृहीत धरली जात नाहीं. जे अपवाद आहेत ते मुख्यतः, ज्याचा त्या मालाचा धंदाच आहे अशा विक्रेत्यासंबंधीं आहेत. म्हणजे खासगी विक्रेत्याकडून घेतांना डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी घेणाराची. परंतु १५ वें कलम धंदेवाल्यास आणि घरगुती विक्रेत्यास सारखेंच लागू आहे. वर्णनावरून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशीं जुळलाच पाहिजे. तसेंच १४ व्या कलमाप्रमाणें, विकणारास ती वस्तु विकण्याचा अधिकार आहे हें गृहीत धरलें जातें. चोरीचा माल विकणारानें कितीही गोड शब्द दिला तरी त्यास तो अधिकार येत नाहीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. खासगी विक्रेत्यानें "चांगलें आहे हो" म्हटलें त्याला कायद्यांत फारसें वजन नाहीं. पण "एक वर्ष वापरलेली, अमुक क्षमतेची, अमुक अनुक्रमांकाची" असें लिहिलें, तर त्यास वजन आहे. आमच्या डिस्कच्या बाबतींत आम्हीं ती जाहिरात जपून ठेविली असती, तर निदान भांडावयास जागा होती. ती विक्री झाल्याबरोबर पुसली गेली होती.

कोणत्या भागावर किती भरंवसा?

सगळे भाग सारखे नाशवंत नसतात. म्हणून हमीची गरजही सारखी नसते.

प्रोसेसर व रॅम हे भाग सहसा दीर्घायुषी. रॅमची परीक्षा मेमटेस्ट८६ सारख्या साधनानें कांहीं तासांत होते. ती निर्दोष निघाली तर हमीवांचून घेण्यास फारसें भय नाहीं. प्रोसेसराविषयीं मात्र अलीकडचें एक उदाहरण लक्षांत ठेवावें. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांस वाजवीहून अधिक व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात असें २०२४ सालीं उघड झालें. त्यावर कंपनीनें सुधारणा दिली व तीन वर्षांची हमी आणखी दोन वर्षांनीं वाढविली. सुधारणेनें पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाहीं. तेव्हां या जातीचा प्रोसेसर घ्यावयाचा तर हमी शिल्लक असलेलाच घ्यावा. मदरबोर्ड घेतांना प्रोसेसर बसतो त्या जागेच्या पिना भिंगानें पाहाव्या; वांकलेल्या पिनेस हमी नसते.

ग्राफिक्स कार्डांची कथा निराळी आहे. इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामास' असंख्य कार्डें जुंपलेलीं होतीं. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची पद्धति बदलली आणि तीं सारीं एका दिवसांत बेकार झालीं. मग त्यांचा लोंढा जुन्या बाजारांत आला. असें कार्ड वाईटच असतें असें नाहीं, पण त्याचे पंखे व उष्णता वाहून नेणारा लेप झिजलेला असतो. कार्डावर तासांची नोंद सहसा सांपडत नाहीं. म्हणून येथें शिल्लक हमीला खरी किंमत आहे.

डिस्कचें आयुष्य मात्र ती स्वतःच लिहून ठेविते. चालल्याचे तास, बदललेले खराब भाग, आणि एस.एस.डी. असेल तर एकंदर किती लिहिलें गेलें, हें सर्व तक्त्यांत दिसतें. एस.एस.डी.ची हमी वर्षें व लेखन या दोहोंपैकीं जें आधीं संपेल तेथें संपते. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या ८७० ईव्हो या एक टेराबाईटच्या एस.एस.डी.ची हमी पांच वर्षें किंवा ६०० टेराबाईट लेखन अशी आहे. तरी या तक्त्यावरही आंधळा विश्वास नको. २०२५ च्या आरंभीं जर्मनींत, वापरलेल्या डिस्कांचे आंकडे पुसून त्या नव्या म्हणून विकल्याचें उघडकीस आलें. आंतील दुसऱ्या एका नोंदवहीनें तें बिंग फोडलें.

पॉवर सप्लाय व बॅटरी या दोन वस्तु हमीवांचून जुन्या घेऊंच नयेत असें आमचें स्पष्ट मत आहे. पॉवर सप्लाय बिघडतांना शेजारच्या भागांसही बरोबर नेतो, आणि बॅटरी फुगली तर प्रश्न पैशांपुरता राहत नाहीं.

हिशेब

गेल्या वर्षीं पुतण्यास अभ्यासाकरितां ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतें. तो म्हणाला, "काका, नवें घेतलें तर फी भरून उरलेले सगळे पैसे त्यांतच जातील." नवें होतें ३६,००० रुपयांचें. जुन्यांपैकीं एक २०,००० ला, चौदा महिन्यांची कंपनीची हमी व मूळ बिल यांसह. आणि दुसरें, अगदीं तसेंच, १६,५०० ला, बिल नाहीं, हमी नाहीं. धाकट्या बंधूंचें मत, "साडेतीन हजार वांचतात, दुसरें घ्या." थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकदां पोळलें तें पुरे नाहीं का झालें?"

आम्हीं कागद घेऊन बसलों. साडेतीन हजार भागिले चौदा, म्हणजे हमीचे महिन्यास २५० रुपये पडतात. आतां बिनहमीचें कार्ड चौदा महिन्यांत मेलें तर १६,५०० बुडतील. ३,५०० ही रक्कम त्याच्या पांचव्या हिश्श्याहून किंचित् अधिक. म्हणजे अशा पांच कार्डांपैकीं एकाहून अधिक या मुदतींत बिघडतील असें वाटत असेल तर हमी स्वस्त. त्याहून कमी बिघडतील असें वाटत असेल तर ती महाग. धाकट्या बंधूंचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें.

परंतु या हिशेबांत एक आंकडा येत नाहीं. कार्ड मेलें तर दुसरें घेण्यास पैसे आहेत काय? ज्यास दुसऱ्यांदा घेणें झेपतें त्यानें बिनहमीची जोखीम खुशाल पत्करावी. दहा वेळां व्यवहार केले तर तो बहुधा फायद्यांतच राहील. ज्यास तें झेपणार नाहीं, त्यानें पहिल्यांदाच हमीचे पैसे द्यावे. पुतण्याचें वर्ष परीक्षेचें होतें आणि दुसऱ्या कार्डास पैसे नव्हते. निकाल लागला.

अनुक्रमांक आधीं मागवून कंपनीकडे ताडून पाहिला. मग पुतण्या व आम्ही असे दोघे डोंबिवलीस विक्रेत्याच्या घरीं गेलों. तो नोकरीवाला तरुण. त्याच्या आईनें चहा केला. कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहिलें. मग आम्हीं थोड्या संकोचानें खिशांतून तयार करून नेलेली चिठ्ठी काढली. ती अशी होती:

"अमुक कंपनीचें, अमुक जातीचें ग्राफिक्स कार्ड, अनुक्रमांक अमुक, मीं स्वतः अमुक तारखेस नवें विकत घेतलें असून खाणकामास वापरलेलें नाहीं व उघडून दुरुस्त केलेलें नाहीं. तें आज चालू स्थितींत २०,००० रुपयांस मूळ बिलासह दिलें. आजपासून सात दिवसांत आपोआप बंद पडल्यास मीं तें परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. कंपनीच्या हमीसाठीं लागल्यास बिलाबाबत सहाय्य करीन. तारीख व सही."

त्या तरुणानें ती दोनदां वाचली, आणि सही करण्यापूर्वीं स्वतः होऊन एक ओळ वाढविली: "एक पंखा कधीं कधीं आवाज करतो." आम्हांस वाटलें, ही ओळच त्या कागदांतील सर्वांत मोलाची हमी आहे. चिठ्ठी पुढें केली नसती तर ती त्यास आठवली असती कीं नाहीं, कोण जाणे! लिहून मागणें हा अविश्वास नव्हे. समोरच्या माणसास खरें बोलण्याची ती एक सोईची जागा असते.

हेंच विकतांनाही लागू आहे. आपल्या घरांतूनही जुने भाग बाहेर जातात. त्या वेळीं तास, दोष व बिल मागितल्यावांचून सांगावें, आणि सात दिवसांचा शब्द आपण होऊन लिहून द्यावा. किंमत थोडी कमी येईल. परंतु आपल्या डिस्कवर कोणाच्या घरचीं गाणीं चढणार आहेत हें आपणांस ठाऊक नसतें.

तें कार्ड अद्याप चालू आहे. पंखा कधीं कधीं आवाज करतो. चिठ्ठी बिलांच्या डब्यांत ठेविली आहे, आणि भगिनीकडून परत आलेलें तें एक गाणें आतां तीन ठिकाणीं ठेविलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणास या व्यवहारांत निराळा अनुभव आला असेल तर त्यांनीं तो अवश्य कळवावा. इतरांच्या उपयोगीं पडेल.